जुन्या पिक्चरमधलं कोळशाचं इंजिन ओळखायचं कसं

आमच्या घरी टीव्हीवर जुना पिक्चर लागला की बायको गाणं ऐकत असते, आई हिरॉइनची साडी बघत असते आणि मी हिरोला म्हणत असतो, बाजूला हो की रे जरा, मागचं इंजिन दिसू दे. आधी सगळे हसायचे, आता भाचेमंडळीच फोन करून विचारतात की मामा, अमुक पिक्चरमध्ये ते काळं धूड आहे ते कुठलं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं.

माझं लहानपण मिरजेत गेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मिरज जंक्शनला तेव्हा तिन्ही गेज होते (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), पुण्याकडे ब्रॉडगेज (ते १९७१ ला झालं, त्याआधी मीटरगेजच), बेळगाव-लोंड्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे ती बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. म्हणजे एकाच स्टेशनात तीन मापांची इंजिनं बघायला मिळायची, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण गेलाच म्हणून समजा, मग आई पदराचं टोक पिळून तो काढणार आणि वर एक धपाटा. ती सवय डोळ्याला लागली ती लागलीच.

आता मुद्दा. पिक्चरवाले जागा खोटी दाखवतात, साल खोटं दाखवतात, हिरोची दाढी तर खोटी असतेच, पण इंजिन सहसा खोटं बोलत नाही. ते कुठल्या देशाचं, कुठल्या काळातलं, किती वेगात चाललंय हे सगळं त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. फक्त वाचता आलं पाहिजे.

तयारी काय लागते

फार काही नाही. एक वही, पेन आणि पिक्चर फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवता येईल असं काहीतरी. मोबाइलवर करू नका, चाकं मोजता मोजता डोळे जातील. कॉम्प्युटरवर व्हीएलसी असेल तर पॉज करून कीबोर्डवरची ई दाबा, एकेक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर पॉज करून पूर्णविरामाची की दाबली की पुढे, स्वल्पविरामाची दाबली की मागे. प्रिंट जितकी चांगली मिळेल तितकी घ्या, कारण नंबर प्लेट वाचता येणं न येणं त्याच्यावरच आहे. कॉपीराइटचं म्हणाल तर भारतात सिनेमा प्रदर्शित झाल्यावर ६० वर्षांनी तो संपतो, त्यामुळे मूकपटांच्या जमान्यातला माल बिनधास्त बघा.

पहिलं काम, चाकं मोजा

इंजिन बाजूने दिसतंय असा शॉट शोधा आणि पॉज करा. पुढून मागे मोजत यायचं, आधी पुढची छोटी चाकं, मग दांड्याने एकमेकांना जोडलेली मोठी चाकं, मग मागची छोटी. एका बाजूची दिसतात म्हणून प्रत्येक आकडा दुप्पट करायचा. दोन छोटी, तीन मोठी, एक छोटं असं दिसलं तर ते झालं ४-६-२. मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, म्हणजे टेंडरची चाकं ह्यात धरायची नाहीत, सुरुवातीला सगळे तिथेच चुकतात, मीपण चुकलो.

आता हे आकडे काय सांगतात बघा. आपल्याकडे ब्रॉडगेजवर ४-६-२ दिसलं, तोंड बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं आणि त्यावर मोठी चांदणी रंगवलेली, तर ते डब्ल्यूपी, डोळे झाकून सांगा. ही इंजिनं १९४७ पासून आली, पहिली काही अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीची, आणि १९६७ पर्यंत एकूण ७५५ बनली. म्हणजे पिक्चरची गोष्ट १९३० ची आहे आणि स्टेशनात चांदणीवालं इंजिन शिरलं तर खुशाल हसा. तसंच एक छोटं, चार मोठी, एक छोटं दिसलं तर २-८-२, आणि आपल्या ब्रॉडगेजवर ते बहुतेक मालगाडीचं डब्ल्यूजी असणार. ही १९५० ते १९७० मध्ये तब्बल २,४५० बनली, बंगालमधल्या चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यातलं पहिलं होतं 'देशबंधु' आणि शेवटच्याला नाव दिलं 'अंतिम सितारा'. (नाव देणाऱ्या माणसाला मानलं पाहिजे राव.)

अक्षरांचं गणित सोपं आहे. पहिलं अक्षर गेजचं, डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरो. दुसरं कामाचं, पी पॅसेंजर, जी गुड्स. मग वायपी म्हणजे काय आणि वायजी म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. शकुंतला रेल्वे, यवतमाळ-मूर्तिजापूरवाली, तिच्यावरचं झेडडी इंजिन १९२१ सालचं मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं आणि १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं, म्हणजे माणूस असतं तर कधीच रिटायर झालं असतं.

एका बाजूला फक्त दोनच चाकं, पुढे-मागे छोटं काही नाही, पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली आणि समोरच्या आडव्या पट्टीवर दोन माणसं बसून रुळावर वाळू टाकतायत, असं दिसलं की दार्जिलिंग. बी क्लास, ०-४-०. 'आराधना'तलं जीप आणि गाडीचं गाणं ह्याच लाइनवर. तिथे आणखी एक गंमत आहे, राजेश खन्नाची जीप खरंच दार्जिलिंगच्या रस्त्यावर होती पण शर्मिला टागोरचे खिडकीतले शॉट नंतर मुंबईत स्टुडिओत घेतलेत, आता परत बघा आणि तिच्या मागची खिडकी बघा.

आणि बाजूला चार मोठी आणि शेवटी एक छोटं असेल, इंजिन निळ्या डब्यांच्या मागून ढकलत असेल, तर ती नीलगिरी, एक्स क्लास, ०-८-२. 'दिल से'मध्ये ज्या गाडीच्या टपावर सगळे नाचतात ती. तिथे इंजिन मागे का, तर चढ १२ ला १ च्या आसपास आहे (म्हणजे १२ फूट पुढे गेलं की १ फूट वर), डबे सुटून खाली घरंगळले तर अडवायला खाली कोणीतरी पाहिजे. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाला चार सिलिंडर (वाफ ज्यात पिस्टन ढकलते ते नळकांडं), त्यातले दोन चाकांसाठी आणि दोन त्या दात्यांसाठी.

मग तोंड आणि धुराडं

देश कुठला ते तोंडावरून कळतं. पुढे धक्का झेलणारे दोन गोल बफर आणि मध्ये स्क्रूची साखळी असेल तर ब्रिटिश पद्धत किंवा युरोपातलं, बफरच नाहीत आणि मध्ये एकच मूठ आवळल्यासारखं कपलिंग, म्हणजे डबे जोडायचा आकडा, असेल तर अमेरिका. अमेरिकन इंजिनावर पितळी घंटा आणि मोठा दिवा हटकून असतो, इंग्लंडमधल्या इंजिनाला मोठा हेडलाइट शक्यतो नसतो कारण तिकडे रुळाच्या दोन्ही बाजूंना कुंपणं, गाय मध्ये यायचा प्रश्न कमी. आपली इंजिनं मधली, बफर ब्रिटिशांचे, पण वर दिवा आणि खाली काऊकॅचर, कारण आपल्याकडची गाय कुंपण मानत नाही.

धुराडं वरती भोपळ्यासारखं फुगलेलं दिसलं तर आत कोळसा नाही, लाकूड जळतंय. लाकडाच्या ठिणग्या फार उडतात, शेतं पेटायची, म्हणून त्या फुग्यात ठिणग्या अडवायची जाळी असायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली इंजिनं अशीच.

आणि इथेच मी तुम्हाला बस्टर कीटन ह्या मूकपटांतल्या विनोदी नटाच्या 'द जनरल'कडे नेतो, १९२६ चा मूकपट, कारण इंजिन शिकायला ह्याच्यासारखा मास्तर नाही. १८६२ मध्ये उत्तरेकडच्या सैनिकांनी दक्षिणेतलं एक इंजिन खरोखर पळवलं होतं त्यावर बेतलेला. ते मूळ इंजिन आजही जॉर्जिया राज्यात केनेसॉच्या म्युझियममध्ये आहे, पिक्चरमध्ये मात्र तशीच दिसणारी दुसरी ४-४-० घेतली, आणि शूटिंग झालं पार तिकडे ओरेगॉनमध्ये. त्यात एक सीन आहे, प्रेयसीने झिडकारलंय, हिरो, म्हणजे कीटनच, बिचारा खट्टू होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसलाय, आणि इंजिन हलतं. दांडा त्याला घेऊन वर जातो, खाली येतो, परत वर, आणि ह्याला पत्ताच नाही. पहिल्यांदा बघताना हसू येतं. चाकं मोजायला शिकल्यावर बघाल तेव्हा पोटात गोळा येईल, कारण हे खरं इंजिन आहे, ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायची दांडी, जरा जास्त उघडला असता तर चाकं रुळावर जागच्या जागी गरगर फिरली असती आणि तो दांडा कीटनला भिरकावून देऊन मोकळा. कॅमेऱ्याची कुठलीही ट्रिक नाही. तो सीन मी फ्रेमने पुढे नेत बघितला तेव्हा लक्षात आलं की तो किती अलगद, पाय सैल सोडून बसलाय, एकदासुद्धा हाताने धरत नाही.

पुढे जळत्या पुलावरून इंजिन नदीत कोसळतं तेही खरंच. मॉडेल नाही, एकच टेक, आणि मूकपटांच्या काळातला सगळ्यात महागडा शॉट म्हणून त्याचं नाव घेतात. ते इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढेपर्यंत तसंच नदीत पडून होतं.

धूर बघा, पण रंगाला फसू नका

इथे थोडं आतलं समजून घ्यायला लागेल. आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा, मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. इंजिनाचं बॉयलर म्हणजे तोच बंब आडवा पाडलेला, फक्त एका नळीऐवजी शेकडो नळ्या. भट्टीतला जाळ नळ्यांमधून जातो, पाण्याची वाफ होते, वाफ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ढकलते. दाब किती, तर घरच्या कुकरमध्ये साधारण १५ पौंड असतो, डब्ल्यूपीमध्ये २१०. आणि काम झालेली वाफ वाया घालवत नाहीत, ती धुराड्यातून जोरात वर सोडतात, ती जाताना भट्टीतली हवा ओढून नेते आणि जाळ आणखी फुलतो. म्हणजे इंजिन जितकं जास्त ओढेल तितकं ते स्वतःच फुंकणी मारतं. आपण ज्याला झुक म्हणतो तो हाच आवाज.

तर धूर. पांढरं दिसतं ती वाफ गार होऊन झालेले पाण्याचे थेंब, थंडीत सकाळी ढगच्या ढग, मे महिन्याच्या दुपारी तेच इंजिन जवळपास बिनधुराचं दिसेल. त्यावरून शूटिंगचा मोसम कळतो. काळाकुट्ट धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे फायरमन नवखा किंवा घाईत. चांगला फायरमन फावड्याने थोडा थोडा, भट्टीत जिथे विरळ झालंय तिथे नेमका टाकतो. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड फायरमन होते, ते पिक्चरमध्ये काळा धूर दिसला की शिवी हासडायचे, "कोळसा काय बापाचा आहे काय ह्याच्या?" पण पिक्चरवाल्यांना काळाच धूर हवा असतो, तो दिसतो छान. 'पथेर पांचाली'तला काशफुलांमधला आगगाडीचा सीन घ्या, पांढरी फुलं आणि मागून काळ्या धुराची रेघ, ती रेघ नसती तर सीनच नाही. त्या सीनची हकीकतपण भारी आहे, पहिल्या दिवशी अर्धं शूटिंग झालं, पुढच्या वेळी जाऊन बघतात तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली, परत फुलं यायला वर्षभर थांबले.

कान लावा

साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्यात चार झुक होतात. म्हणजे पडद्यावर चाकाचा दांडा एक पूर्ण चक्कर मारेपर्यंत चार ठोके ऐकू आले पाहिजेत. नाही आले तर आवाज दुसरीकडचा चिकटवलाय, आणि शंभरातल्या नव्वद हिंदी पिक्चरमध्ये तो चिकटवलेलाच असतो असा माझा अनुभव. इंजिन नुसतं उतारावरून घरंगळतंय, वाफ बंद आहे, आणि बॅकग्राउंडला जीव तोडून झुकझुक चाललंय, हे तर फारच कॉमन. तीन सिलिंडरच्या इंजिनाचे सहा ठोके पडतात, ब्रिटिश 'रॉयल स्कॉट' जातीची अशीच होती.

आवाज खरा असेल तर वेगही काढता येतो. डब्ल्यूपीचं मोठं चाक १.७ मीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात जवळपास ५.३५ मीटर. सेकंदाला आठ झुक मोजले तर दोन फेरे, पावणेअकरा मीटर, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर. ह्याच्यापुढे कानाला मोजता येत नाही, सगळं एकत्र होऊन घरघर होते. डब्याच्या आतला सीन असेल तर रुळांचे सांधे मोजा, आपल्याकडे ब्रॉडगेजचा रूळ १३ मीटरचा असायचा, ४७ सेकंदात जितके खटॅक मोजाल तितका ताशी किलोमीटरमध्ये वेग. करून बघा, अचूक येतो. हल्ली रूळ वेल्डिंगने जोडून लांबच लांब केलेत त्यामुळे नव्या गाडीत हा खेळ जमत नाही.

मूकपटात मात्र वेग मोजायच्या फंदात पडू नका. बरेचसे सेकंदाला १६-१८ फ्रेमने घेतलेले असतात आणि आपण बघतो २४ ने, म्हणजे गाडी दीडपट पळताना दिसते, माणसंसुद्धा टुणटुण चालतात.

चोरी पकडणे

एकाच सीनमध्ये इंजिन बदलतं का बघा. लांबून दिसतं तेव्हा चार मोठी चाकं, जवळून दिसतं तेव्हा तीन, असं हमखास सापडतं. नंबर दिसला की वहीत टिपा, पुढच्या शॉटमध्ये वेगळा असेल तर सापडलाच चोर.

माझी फजिती सांगतो. एका जुन्या हिंदी पिक्चरमधल्या इंजिनावरून मी धाकट्या भावाशी कित्येक वर्षं भांडलो, नंबरच जुळेना, प्लेटवरचे आकडे असे विचित्र की मला वाटलं एखादी दुर्मिळ जात सापडली आपल्याला. एका रात्री मोठं करून बघितलं तर आकडे उलटे, आरशातल्यासारखे. एडिटरने अख्खा शॉट उलटा छापला होता, गाडी आधीच्या शॉटसारखीच डावीकडून उजवीकडे जावी म्हणून. तेव्हापासून मी आधी पाटीवरची अक्षरं किंवा शर्टाच्या गुंड्या बघतो आणि मगच तोंड उघडतो. भाऊ अजून चिडवतो.

रुळांवरच्या विजेच्या तारा बघायला विसरू नका. कल्याण-पुणे विजेवर गेलं १९३० च्या सुमाराला, त्यामुळे १९६० च्या गोष्टीत खंडाळ्याच्या घाटात कोळशाचं इंजिन गाडी घेऊन एकटंच निघालेलं दाखवलं तर शंका घ्या. 'शोले'तला आगगाडीवरचा दरोडा पनवेलजवळ शूट केलाय, आणि आजूबाजूला बघा, वर तार नाही की खांब नाही. मुंबईच्या इतक्या जवळ अशी मोकळी लाइन तेव्हा अजून कुठे मिळाली असती?

परदेशी पिक्चरमधला भारत हा तर वेगळाच विषय. 'भवानी जंक्शन' (१९५६) ची गोष्ट भारतातली, शूटिंग लाहोरला. इथे इंजिन तुम्हाला फसवेल, कारण १९४७ पर्यंत दोन्हीकडची रेल्वे एकच होती, इंजिनं, डबे, सिग्नल सगळं तेच. 'नॉर्थ वेस्ट फ्रंटियर' (१९५९) चे रेल्वेचे सीन मात्र बरेचसे स्पेनमधले, आणि स्पेनचं गेज नेमकं आपल्या ब्रॉडगेजच्या आसपासचं, त्यामुळे रुळांच्या रुंदीवरूनही पकडता येत नाही. तिथे डोंगर बघायचे.

सगळीच चोरी वाईट नसते हेही सांगतो. 'नाइट मेल' हा १९३६ चा ब्रिटिश माहितीपट, लंडनहून स्कॉटलंडला रात्री जाणारी टपालगाडी, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. चालत्या डब्यात पत्रं वेगळी करणारी माणसं दाखवलीत ती खरी पोस्टातलीच, पण डबा सेटवर बांधलेला आणि स्थिर, म्हणून त्यांना मुद्दाम डुलायला सांगितलं होतं. माहिती असूनही मला दर वेळी तो डबा हलतोय असंच वाटतं.

कुठल्या क्रमाने बघायचे

मी म्हणेन आधी फ्रान्समधल्या ल्युमिए बंधूंचा ला सिओता स्टेशनात गाडी येते तो तुकडा, जेमतेम ५० सेकंद. ७ जुलै १८९६ ला मुंबईत काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला सिनेमा दाखवला त्यात गाडी येण्याचा तुकडा होताच. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झालेली १८५३ ला, म्हणजे मुंबईकर आगगाडीला ४३ वर्षं सरावलेले होते, पडद्यावरचीला घाबरून पळाले असतील असं मला तरी वाटत नाही. मग 'द जनरल', मग 'नाइट मेल', मग आपले. एका दिवशी एकच, आणि दोनदा बघायचा, एकदा गोष्टीसाठी, एकदा इंजिनासाठी.

आणि मग खरं इंजिन

पडद्यावर चार-पाच ओळखता आली की प्रत्यक्ष बघायला जाच. पुण्यात असाल तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम, मॉडेलच आहेत पण पोरांना चाकांचं गणित तिथे पटकन कळतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे म्युझियममध्ये माथेरानचं जुनं ०-६-० आहे, त्याची टोकाची चाकं वळणावर आतल्या आत थोडी सरकू शकतात अशी जर्मन बनावटीची युक्ती आहे, म्हणून ते नेरळच्या त्या वळणांवर टिकलं.

पण जिवंत, तापलेलं इंजिन बघायचं तर हरियाणात रेवाडीची इंजिनांची शेड. ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये जालंधर-फिरोजपूरला थांबली, त्यानंतर जी काही जपली त्यातली बरीच इथे. 'फेअरी क्वीन' हे १८५५ सालचं इंजिन इथलंच, आणि 'अकबर' नावाचं डब्ल्यूपी ७१६१ सुद्धा, ते कित्येक हिंदी पिक्चरमध्ये झळकलंय. ते बनलंय १९६५ ला, तेव्हा कुठल्या पिक्चरमध्ये ते चुकीच्या सालात शिरलंय ते तुम्ही आता शोधू शकता. जायच्या आधी मात्र चौकशी करा की इंजिन पेटवणार आहेत का, कारण थंड बॉयलर तापवून वाफ धरायला तासन् तास लागतात आणि ते रोज कोणी करत बसत नाही. दक्षिणेत मेट्टुपालयम-कुन्नूर टप्प्यावर अजून वाफेनेच जाता येतं, तिकीट खूप आधी काढायला लागतं, आणि चढताना इंजिन मागे असतं त्यामुळे शेवटच्या डब्यात जागा मिळाली तर सोडू नका.

आणि हो, पांढरा शर्ट घालून जाऊ नका. सोबत स्वच्छ रुमाल ठेवा, डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही, रुमालाचं टोक ओलं करून पिळायचं आणि दुसऱ्या कोणालातरी काढायला सांगायचं.